आक्काचा दोष भाकरीत विरघळला

शनिवार उजाडला की भिवंडीहून खारबावला जाणाऱ्या वाटेवरच्या आमच्या गावात माणसांची भरती यायची. खाडीच्या भरतीला निदान ओहोटी ठाऊक असते, हिला तीही ठाऊक नव्हती. शेजारच्या पूर्णा गावच्या गोदामांतले हमाल, मागावरची रातपाळी उतरवून तसेच डोळे चोळत आलेले कामगार, कडेवर पोर आणि हातात नारळ घेतलेल्या बाया, सगळे गावदेवीच्या मैदानातल्या मांडवाकडे निघायचे. मांडवात झेंडूच्या माळांनी मढवलेला चौथरा, चौथऱ्यावर तांब्याचं मोठं घंगाळ आणि घंगाळातून अखंड वर जाणारी वाफ. वाफेमागे सूत्रानंद महाराज. केशरी कफनी, कपाळभर भस्म आणि पोट असं, की त्यावर आरतीचं ताट ठेवलं तर हलणार नाही.

महाराजांची करणी अशी. त्यांचा चेला नवशा रांगेतल्या माणसाच्या मनगटाला हळदीने माखलेला दोरा बांधायचा. मग त्या माणसाने आपला दोष सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचा आणि हात घंगाळात बुडवायचा. महाराज डोळे मिटून म्हणायचे, "कच्चा धागा, पक्का दोष, पाताळगंगे सोड रोष. घुल जा, घुल जा, महाघुल जा." हात वर आला की मनगट मोकळं. दोरा तुटून पडलेला नाही, सुटून तरंगत नाही, नाहीच. घंगाळात हात घालून शोधलं तरी नाही.

पाणी गरम कसं, हे कुणी विचारलं नाही. गणेशपुरीकडे जमिनीतून गरम झरे येतात हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. महाराज म्हणाले की ही पाताळगंगा तिकडूनच आतल्या आत वळवून आणली आहे, आणि गावाला ते पटलं. ग्रामपंचायतीला खाडीपलीकडून पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन कैक वर्षांत आणता आली नव्हती, तिथे महाराजांनी खोदकामाशिवाय गंगा आणली, याचं उलट कौतुकच झालं.

दोष विरघळायचे, पण मांडवाबाहेर भांडणं उगवायची. लडकू हा आमच्या टेनिस बॉलच्या टुर्नामेंटचा कायमचा अंपायर. त्याने हात बुडवून कबूल केलं की गेल्या फायनलला शेजारच्या ओवळ्याच्या टीममधल्या पोराला त्याने मुद्दाम रनआउट दिलं. दोरा क्षणात गेला. पण ओवळ्याचा कॅप्टन रांगेत त्याच्या मागेच उभा होता. लडकूला त्यानंतर जे मिळालं ते घंगाळात विरघळण्यासारखं नव्हतं, ते आठवडाभर गालावर राहिलं. एका सुनेने सासूच्या पानातला मोठा बोंबील आपल्या पानात ओढल्याचं सांगितलं आणि दोरा नसलेल्या मनगटाने माहेरी गेली.

पहिल्या रांगेचा मान बायजाबाईंचा. पूर्णेच्या या बाई, दोन गाळे भरून लूम, घरात देवांना स्वतंत्र खोली. त्या दर शनिवारी दोरा बांधून घ्यायच्या. सांगण्यासारखे स्वतःचे दोष कधीच संपले होते, म्हणून हल्ली शेजारणींचे सांगायच्या.

या बायजाबाईंचा मुलगा हितेश आणि आमच्या केसरीनाथ शेटची रुचिका यांचं लग्न ठरलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, हळदीचा मांडव पंधरा दिवसांनी पडायचा होता. रुचिका गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. तिला मांडवात जायचं नव्हतं, पण होणाऱ्या सासूबाईंनी निरोप धाडला की नवरीचा दोरा सोडवल्याशिवाय मुहूर्ताचा तांदूळ निवडायचा नाही. एवढ्यासाठी काय वाद घालायचा, म्हणून ती गेली. दोरा बांधून घेतला, परीक्षेच्या दिवसांत रागाच्या भरात एका वर्गाला उगाच उभं केल्याचा दोष सांगितला आणि हात बुडवला.

हात वर आला तेव्हा दोरा मनगटावर होता. ओला, पिवळा आणि ठणठणीत.

मांडव असा गप्प झाला की नारळविक्याच्या मोबाइलची रिंगटोन शेवटापर्यंत ऐकू आली. महाराजांनी दीर्घ श्वास घेतला. म्हणाले, कन्येत सात पिढ्यांचा पीळ आहे, हा असा एका बुडीत जायचा नाही. उपायही त्यांनीच सांगितला. महाराजांनी स्वतः कन्येच्या घरी एक चातुर्मास करावा. खोली वरच्या मजल्यावरची, ईशान्येची, थंड हवेच्या यंत्राची. नैवेद्याला रोज ताजं पापलेट. सुरमई नको, तिच्या काट्यात दोष अडकतो. तोवर कन्येने दोरा काढू नये आणि मंगलकार्य करू नये.

गावात एसी लावलेली खोली एकच होती, आणि ती केसरीनाथ शेटच्या वरच्या मजल्यावर ईशान्येलाच होती. गोदामांना जमीन विकल्यावर त्यांनी हौसेने बांधलेली. देवाला दिशा कशी अचूक कळते, म्हणून लोकांनी हात जोडले.

बायजाबाई तिथेच म्हणाल्या, "शेट, राग मानू नका. पण असला दोरा घेऊन पोरगी माज्या उंबऱ्यात न्हाय येयाची. चातुर्मास होऊ द्या, मग बघू." शेजारी हितेश उभा होता. त्याने चपलेकडे पाहिलं.

त्या दिवसापासून रुचिकाचं नाव गावात मागे पडलं आणि 'ती दोरावाली' पुढे आलं. वर्गात मुली फळ्याकडे पाहायच्या सोडून तिच्या मनगटाकडे पाहायच्या. घरी केसरीनाथ शेट वरची खोली रिकामी करायला लागले. रुचिका म्हणाली की बाबा, ही लबाडी आहे. शेट खाली बसले. रागावले नाहीत, तेच वाईट होतं. एवढंच म्हणाले की बाळा, माझ्या मनात काय आहे ते सोड, पण तू हे बाहेर बोललीस तर लोक म्हणतील, हिचाच दोरा राहिला म्हणून ही दोऱ्याला नावं ठेवते.

आणि ते खरंच होतं. ज्याच्या मनगटावर दोरा, त्याच्या शब्दाला वजन नाही. लग्न मोडलं असतं तर एक वेळ तिने ते सोसलं असतं. पण उरलेलं आयुष्य पीळ असलेली बाई म्हणून या गावात काढायचं, फळ्यासमोर उभं राहून काढायचं, हे तिला गिळवेना.

आता आक्का. केसरीनाथ शेटची थोरली बहीण, रुचिकाची आत्या. लहानपणी मिठागरावर राबलेली, नंतर भावाच्या घरातली चूल जिच्या हुकमात ती. लग्नात धवल्यांची गाणी म्हणणाऱ्या बायांना एखादी ओळ आठवली नाही तर त्या आक्काच्या तोंडाकडे पाहायच्या. रुचिकाचा दोरा राहिला त्याच शनिवारी आक्काही रांगेत होती, दोराही बांधून झाला होता. पण पुढे पाहते तो चुलत दीर, मागे पाहते तो व्याही. एवढ्या पुरुषांत दोष कसा सांगायचा, म्हणून ती हळूच रांगेतून सटकली. खरं तर बांधलेला दोरा मांडवाबाहेर नेऊ नये असा नवशाचा कडक नियम होता. आक्का पदराखाली हात घेऊन चोरासारखी घरी आली आणि गुपचूप भाकरीच्या तयारीला लागली.

आमच्याकडे तांदळाची भाकरी गार पाण्यात होत नाही. पाणी उकळायचं, त्यात पीठ घालून उकड काढायची, मग परातीत हाताला सोसेल इतक्या गरम उकडीला गरम पाण्याचा हात लावत मळायचं. आक्का मळत होती आणि मळता मळता गुणगुणत होती,

*हळद कुटली, मुसळ थकलं,*
*नवरीचं मनगट गो कुणी बांधलं.*
*चुलीवर पाणी, पाण्याला कढ,*
*मायेची गाठ देवा हाताने सोड.*

चौथ्या ओळीला ती थांबली. मनगटाकडे पाहिलं. मग परातीकडे पाहिलं. मग तिने जी हाक मारली ती ऐकून रुचिका वह्या टाकून धावत आली.

"रुचे, माजा दोष पिठात गेला गो."

परात तपासली. दोरा नव्हता. उकडीत एक पिवळी रेघ तेवढी होती आणि आक्काच्या मनगटाला काहीतरी बुळबुळीत, भाताच्या पेजेसारखं लागलं होतं. आक्काला वेगळीच काळजी. दोष तर तिने सांगितलाच नव्हता. न सांगितलेला दोष विरघळून पिठात गेला, आता ही भाकरी कुणी खायची? जो खाईल त्याला आक्काचा दोष लागणार. केसरीनाथ शेट म्हणाले, गाईला घाला. आक्का म्हणाली, गाईने काय पाप केलंय? अर्धा तास घरात या भाकरीवर चर्चा झाली. दोष नेमका कोणता हे मात्र आक्काने सांगितलं नाही, आजतागायत सांगितलेलं नाही.

रुचिका या चर्चेत नव्हती. ती परातीपाशी बसून आपला आणि आत्याचा हात शेजारी शेजारी धरून पाहत होती. आत्याच्या दोऱ्याला महाराज लागले नाहीत. मंत्र लागला नाही. दोषसुद्धा लागला नाही. लागलं ते फक्त गरम पाणी. मग तिने स्वतःचं मनगट त्याच गरम पाण्यात बराच वेळ धरलं. कातडी लाल झाली, दोरा तसाच. म्हणजे पाणी तेच, दोरे वेगळे.

सोमवारी तिने हितेशला शाळेच्या मैदानावर बोलावलं. तो आला, पण घाबरत. रुचिकाने लग्नाचा विषय काढलाच नाही. एवढंच विचारलं की गरम पाण्यात नाहीसं होणारं सूत असतं का?

हितेश जन्मापासून सुतात वाढलेला. तो सहज म्हणाला, असतं की. टॉवेलवाले घेतात. साध्या सुताला आधार म्हणून त्याच्यासोबत पिळायचं, विणून झालं की गरम पाण्यात धुवायचं. ते पाण्यात जातं आणि टॉवेल लोण्यासारखा मऊ होतो. आमच्याकडेही मागे अशा सुताने भरलेले कोन आले होते. एवढं बोलून तो थांबला. त्याचा चेहरा पडला.

आमच्या भिवंडीत सुताच्या माणसाला कुणी नवा धागा दिला तर तो आधी काय करतो? काडी ओढून टोक जाळतो. सुती असेल तर कागदासारखं जळतं, राख होते. कृत्रिम असेल तर आक्रसतं, गोळी धरते. वासावरून सांगणारे लोक आहेत. अख्ख्या मांडवात निम्मी माणसं मागावरची, रोज मैलोगणती सूत हाताखालून जाणारी, आणि शनिवारमागून शनिवार एकानेही काडी ओढली नाही. देवाचा दोरा कोण जाळून बघतो?

रुचिका म्हणाली, "मी बोलले तर दोरावाली बोलली म्हणतील. तू बोलशील?"

हितेशने पुन्हा चपलेकडे पाहिलं. म्हणाला, आई पहिल्या रांगेत असते.

"मग मला तुझं उत्तर समजलं," असं म्हणून ती वर्गावर गेली.

पुढच्या शनिवारी मांडव फुटायला आला होता, कारण त्याच संध्याकाळी महाराज मिरवणुकीने केसरीनाथ शेटच्या वरच्या मजल्यावर जाणार होते. बँड सांगितला होता. पापलेटं आली होती. बायजाबाईंच्या मनगटाला नवशाने नवा दोरा बांधला होता आणि त्या शेजारणीचा ताजा दोष घेऊन उठणार, एवढ्यात रुचिका चौथऱ्यापाशी आली. हातात गार पाण्याचा माठ.

तिने वाकून नमस्कार केला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली की महाराज, मी पीळवाली, माझ्या हाताचं सोडा. पण मावशींसारखी शुद्ध बाई पंचक्रोशीत नाही. आपल्या मंत्राने तर गार पाणीही गंगाच होईल. मावशींनी या माठात हात बुडवावा आणि आपण मंत्र म्हणावा, म्हणजे माझ्यासारख्या शंकेखोरांची तोंडं बंद होतील.

शुद्ध बाई म्हटल्यावर बायजाबाईंना थांबवणारा कोण? महाराज घाईने म्हणू लागले की गार जलात शक्ती निद्रिस्त असते, पण तोवर बाईंचा हात कोपरापर्यंत माठात गेला होता. "म्हणा महाराज," त्या म्हणाल्या. लोक म्हणाले, म्हणा. महाराज म्हणाले, घुल जा. मग थोडं मोठ्याने, महाघुल जा. मग नवशासकट सगळ्यांनी मिळून.

बाईंनी हात बाहेर काढला. दोरा थोडा फुगला होता, गुळगुळीत झाला होता, पण होता.

"सात पिढ्यांचा पीळ," मागून कुणीतरी हळूच बोललं. बहुधा ओवळ्याचा कॅप्टन.

बायजाबाईंनी त्या दिशेला जे पाहिलं, त्याने चुलीशिवाय पाणी उकळलं असतं. "पीळ? माज्या अंगात? दर शनवारी येतंय मी हितं."

"मावशी, तुमच्यात पीळ नाही," रुचिका म्हणाली, "आणि माझ्यातही नाही." तिने चहावाल्याच्या हातातली किटली घेतली, कपात वाफाळता चहा ओतला आणि बाईंच्या मनगटावरचा दोरा कातरून त्यात टाकला. चमच्याने ढवळला. पुढच्या चार जणांनी कपात डोकावलं. दोरा गेला होता. मंत्र नाही, गंगा नाही, आलं घातलेला चहा. मग तिने स्वतःचा दोरा कापला आणि त्याच कपात सोडला. तो चहात शेवयांसारखा पडून राहिला.

महाराज गरजले. चहा हे तामसी पेय आहे, त्यात काहीही विरघळतं, ही मुलगी नास्तिक आहे, हिचं लग्न अडलं म्हणून ही उलटली आहे. आणि लोकांच्या माना हलल्या. तेच झालं, जे केसरीनाथ शेट म्हणाले होते. दोरावाली बोलत होती.

तेव्हा हितेश पुढे आला. त्याने नवशाच्या थाळीतल्या दोन पुडक्यांतून दोन दोरे उचलले, एक डाव्यातला, एक उजव्यातला. खिशातून काडेपेटी काढली. "आई, तू मला पहिलं सूत ओळखायला शिकवलंस," तो म्हणाला, "आता तूच सांग." आणि काडी ओढली.

एक दोरा भुरकन जळला, राख झाली. दुसरा आक्रसला आणि टोकाला गोळी धरली. मांडवातली निम्मी माणसं वासानेच उठून उभी राहिली. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

बायजाबाई म्हणाल्या, "डावा सुती. उजवा टावेलवाला." आणि मटकन खाली बसल्या.

मग गर्दी चौथऱ्यावर चढली. लडकू सगळ्यांच्या पुढे, त्याला गालाचा हिशेब चुकता करायचा होता. त्याचा पाय माळेत अडकला आणि घंगाळ कलंडलं. सगळी पाताळगंगा महाराजांच्या अंगावर. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम होतं, त्यामुळे महाराजांना काही झालं नाही. झालं ते कफनीला. आदल्या दिवशी ती खिळ्याला अडकून उसवली होती, आणि काटकसरी नवशाने घरात जो दोरा होता त्यानेच ती खांद्यापासून घोट्यापर्यंत शिवून काढली होती.

आधी उजवी बाही गेली. मग डावी. मग बाजूच्या शिवणी हळूहळू, जणू मंत्र ऐकू आल्यासारख्या, सुटत गेल्या. कफनीचे तुकडे चौथऱ्यावर पडले आणि महाराज चौकड्याच्या चड्डीत उभे राहिले. घंगाळाच्या जागी चौथऱ्यात दडवलेली गॅसची शेगडी निळ्या जिभेने जळत होती. तीच पाताळगंगा.

सगळ्यांत आधी आक्का हसली. मग बँडवाला. मग कुणी थांबेना. महाराज पळाले नाहीत, कारण त्या वेषात पळायला मन धजेना. त्यांनी खाली बसून कबूल केलं की आपण दूरच्या एका सूत-दलालाकडे कामाला होतो आणि पडून राहिलेले कोन घेऊन धंद्याला लागलो. केसरीनाथ शेटने त्यांच्या अंगावर पंचा टाकला आणि पोलीस पाटलाला बोलावलं.

दंगा निवल्यावर कुणीतरी विचारलं की बाई, पण दोरा जातो कुठे? नाहीसाच होतो ना? रुचिकाने घंगाळात तळाला राहिलेलं पाणी परातीत ओतलं आणि महाराजांच्याच शेगडीवर मंद ठेवलं. पाणी आटत गेलं, तशी परातीला हळदीच्या रंगाची पातळ, पारदर्शक साय धरली. तिने ती नखाने सोलून लोकांच्या हातात दिली. हे तुमचे दोरे, म्हणाली. विरघळलं म्हणजे संपलं नाही. त्याचे इतके बारीक कण होऊन पाण्यात पसरले की डोळ्याला दिसेनासे झाले. गार पाण्यात हा धागा नुसता फुगतो, गरम पाण्यात सुटा होतो. साखर चहात दिसत नाही, म्हणून काय कुणी तिला नाहीशी झाली म्हणतं?

आक्का म्हणाली, "आमच्या खाडीत मीठ दिसतं काय? न्हाय दिसत. उन्हात ठेवा, मग बघा."

बायजाबाई त्या सायीचा तुकडा बोटांत चुरगळत पुढे आल्या. रुचिकापाशी थांबल्या. म्हणाल्या की झालं ते झालं, आता हळद ठरल्या दिवशीच लावू. रुचिका लगेच हो म्हणाली नाही. ती म्हणाली, "मावशी, दोरा निघाला. पण तो पाहून तुम्ही मला जे म्हणालात, ते विरघळलं नाहीये. ते आठवडाभर या सगळ्यांच्या कानात होतं."

बायजाबाईंचा चेहरा आंबला. पण बाई मागाच्या, चुकलेला ताणा उसवून पुन्हा जोडणाऱ्या. त्या वळल्या, चौथऱ्यावर चढल्या आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ऐका. मी या पोरीला दोषी म्हटलं ते चुकलं. दोष तिचा न्हवता. मी सूत न बघता गिऱ्हाईक झाले." तो दोष त्यांनी शेजारणीचा सांगितला नाही, स्वतःचा सांगितला. बहुतेक पहिलाच.

रुचिकाने हितेशकडे पाहिलं. तो या वेळी चपलेकडे पाहत नव्हता. मग ती आईच्या वयाच्या त्या बाईला हात देऊन चौथऱ्यावरून खाली घेऊन आली, आणि म्हणाली की हळद ठरल्या दिवशीच. आलेली पापलेटं त्या रात्री गावाने खाल्ली.

मंडळी, असा दोरा तुमच्याही मनगटाला कुणीतरी बांधायला येईल. त्याचा रंग वेगळा असेल, मंत्र वेगळा असेल, पुढ्यातलं भांडं चांदीचं असेल. मन हळवं असतं, दुःखात ते कशालाही हात देतं, त्यात लाज नाही. पण हात बुडवण्याआधी दोन प्रश्न विचारायला काही लागत नाही. पाणी गरम आहे की गार? आणि मला बांधलेला दोरा, शेजाऱ्याला बांधलेला दोरा, एकाच पुडक्यातले आहेत का? तुम्ही जे काम रोज करता, त्यातली अक्कल मांडवाबाहेर चपलांजवळ काढून ठेवू नका. देव असेल तर त्याला तुमच्या प्रश्नांचा राग येणार नाही. आणि ज्याला राग येतो, त्याची शिवण एकदा गरम पाण्याने तपासून पाहा.